बी कोठीतच मरते

जानेवारी २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने भांगेच्या नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली आणि तो पालमपूर व नौणी येथील दोन विद्यापीठांकडे सोपवला. उत्तराखंडाने औद्योगिक भांगेच्या परवान्यांची वाट २०१८ मध्येच मोकळी केली होती. जम्मूत सीएसआयआरची प्रयोगशाळा या वनस्पतीच्या औषधी उपयोगांवर काम करते आहे. या बातम्यांवरची चर्चा मात्र ठरलेल्या वळणाने जाते. महसूल किती मिळेल, तरुणांत नशा वाढेल का, परवाने शेवटी कोणाच्या हाती जातील? प्रश्न योग्यच आहेत. पण डोंगरउतारावरच्या दोन-चार पायऱ्यांच्या शेतात परवाना घेऊन उभा असलेला शेतकरी नेमके कोणते बी पेरणार आणि ते उगवणार का, हे कोणी विचारताना दिसत नाही.

आधी कायद्याची चौकट थोडक्यात. गांजाची भांग आणि धाग्याची भांग या एकाच प्रजातीच्या वनस्पती आहेत. फरक टीएचसी या नशा आणणाऱ्या रसायनाच्या प्रमाणाचा. ते ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर पीक औद्योगिक मानले जाते. ही रेषा १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली होती. ती काहीशी मनमानी आहे हे त्यांनीच मान्य केले होते, आणि आज तीच रेषा निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत जाऊन बसली आहे. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून सुटे बी वगळलेले आहे. धाग्यासाठी वा बियांसाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार कलम १४ ने सरकारला दिला आहे. परवान्याविना लागवड हा गुन्हाच आहे, त्यामुळे येथे विचार आहे तो परवानाधारक शेतीचा.

आता बियाण्याकडे वळू. कमी टीएचसीचे प्रमाणित बियाणे बाहेरून आणावे, हा कागदावरचा सोपा उपाय. त्यात एक अडचण आहे आणि ती थेट सूर्याशी संबंधित आहे. भांग फुलते ती रात्रीची लांबी ओळखून. युरोपातील बहुतेक वाण ४५ ते ५० अक्षांशांवर घडवलेले, जिथे जूनमधला दिवस सुमारे १६ तासांचा असतो. गढवाल-कुमाऊँ ३० अक्षांशांच्या आसपास आहेत. तिथला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १४ तासांचा. परदेशी रोपाला तो दिवस उन्हाळा सरत आल्यासारखा भासतो आणि ते पुरेसे वाढण्याआधीच फुलोऱ्यावर येते. झाड बुटके राहते, धागा आखूड निघतो. डोंगराला डोंगराचेच बी हवे, म्हणजे सध्या तरी गावाने स्वतः राखलेले, घरचे बियाणे. घरच्या बियाण्याची उगवण हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. या साऱ्या धोरणाचा भार त्यावर पडणार आहे.

उगवण वाढवायची म्हटले की सल्ल्यांचा ओघ सुरू होतो तो पेरणीच्या आठवड्यातल्या कृतींचा. बी रात्रभर भिजवा, कोमट पाण्यात ठेवा, हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका, कवच पॉलिश कागदावर घासा, पाण्यात बुडेल ते चांगले आणि तरंगेल ते टाकून द्या. यांतल्या काही गोष्टींत तथ्य आहे. भिजवून, वरचे पाणी सुकवून लगेच पेरण्याच्या साध्या पद्धतीचा अभ्यास १९९० च्या दशकात पश्चिम भारतातील आदिवासी शेतकऱ्यांसोबतच झाला होता. मका, भात आणि हरभरा लवकर व एकसारखा उगवला. मात्र ही कृती जिवंत बियाला वेग देते. मेलेल्या बियाला ती जिवंत करत नाही, आणि पेरॉक्साइडही करत नाही. तरंगण्याच्या चाचणीवर तर फारसा विश्वास ठेवूच नये. भांगेचे ‘बी’ म्हणजे खरे तर कठीण कवचाचे छोटे फळ. कवचाखाली अडकलेली हवा आणि पाण्याचे पृष्ठताण यांमुळे उत्तम बीही काही काळ तरंगते, आणि कुजलेले बी खुशाल बुडते.

बियाचे भवितव्य यापेक्षा कितीतरी आधी, आदल्या शरदात ठरलेले असते. उत्तरेत पावसाळा सरल्यावर कापणी होते. भांगेच्या एकाच कणसात खालचे दाणे आधी पिकतात, वरचे हिरवे राहतात. सगळे पिकेपर्यंत थांबावे तर खालचे गळतात आणि पाखरे उरलेले संपवतात. त्यामुळे मळणीतून निघणारा ढीग हा पक्व, अर्धपक्व आणि पोकळ दाण्यांचे मिश्रण असतो. फिकट हिरवे, हलके दाणे सुपाने उफणून काढले तरी उगवणीचा आकडा लक्षणीय सुधारतो. जुनीच कृती, पण तिचे महत्त्व मोठे आहे.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. कोरड्या बियाच्या पेशींत साखर आणि प्रथिने मिळून एक प्रकारची काच तयार झालेली असते. ही उपमा म्हणून सांगितलेली गोष्ट नाही. पदार्थविज्ञानाच्या काटेकोर अर्थाने ती काचच असते, म्हणजे रेणू अस्ताव्यस्त पण जागच्या जागी जखडलेले. जखडलेले रेणू एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून बी झिजवणाऱ्या अभिक्रिया अत्यंत मंद चालतात आणि जीव टिकून राहतो. ओलावा किंवा तापमान वाढले की काच मऊ पडते, रेणू हलू लागतात, आणि झीज वेग घेते.

भांगेच्या बाबतीत ही झीज विशेष घातक आहे, कारण बियात साधारण २५ ते ३५ टक्के तेल असते आणि त्यातला मोठा वाटा लिनोलेइक व लिनोलेनिक आम्लांचा. आहारशास्त्र या आम्लांचे गोडवे गाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचे बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली, त्यामागे हेच पोषणमूल्य आहे. पण याच आम्लांतील दुहेरी बंध ऑक्सिजनला सहज बळी पडतात. तेल खवट होते, पेशींची आवरणे फाटतात. कुमाऊँ-गढवालात भाजलेल्या भांगबियांची चटणी घरोघरी होते. चटणीला मेलेले बी चालते, ते खवट होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. खाण्याचे आणि पेरण्याचे बी जिथे एकाच डब्यातून निघते, तिथे ही फसगत सहज होते.

किती कोरडे म्हणजे पुरेसे? हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा जुना ठोकताळा असा: बियातील ओलावा १ टक्क्याने घटला की आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान सुमारे ५ अंशांनी घटले की पुन्हा दुप्पट. नियम ढोबळ आहे, त्याला वरच्या आणि खालच्या मर्यादा आहेत, पण गणित करून पाहण्याजोगे आहे. १४ टक्के ओलाव्याचे बी ८ टक्क्यांवर आणले तर ६ वेळा दुप्पट, म्हणजे आयुष्य ६४ पट. २५ अंशांच्या खोलीऐवजी १० अंशांत ठेवले तर ३ वेळा दुप्पट, म्हणजे ८ पट. पहाडातला हिवाळा ही थंडी फुकट देतो. कोरडेपणा मात्र प्रयत्नाने आणावा लागतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खर्च कुठे करावा हे उघड होते. शीतगृहाची मागणी करण्याआधी वाळवणीची सोय मागावी.

इथे आणखी एक बारकावा आहे, जो गहू-भाताच्या सवयीत सुटून जातो. तेल पाणी धरत नाही. १०० ग्रॅम भांगबियांत ९ ग्रॅम पाणी आणि ३० ग्रॅम तेल असेल, तर ते सारे पाणी उरलेल्या ७० ग्रॅमच्या वाट्याला येते. तिथले प्रमाण होते जवळपास १३ टक्के. ओलावामापकावर ९ चा आकडा पाहून गव्हाच्या अनुभवाने निर्धास्त झालेला माणूस प्रत्यक्षात बऱ्याच ओल्या बियांवर झाकण लावत असतो. गव्हाला पुरेसा वाटणारा कोरडेपणा तेलबियांना पुरत नाही.

वाळवायचे तेही सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरात. तापलेल्या पत्र्यावर वाळवलेले बी कोरडे होते खरे, पण त्या उष्णतेने ते मरूही शकते. वाळल्यावर हवाबंद डबा, कारण वाळवलेले बी उघड्या पोत्यात ठेवले तर पुढच्या दमट आठवड्यात ते हवेतली वाफ पुन्हा शोषून घेते. बरणीत कोरडे मीठ आणि बी एकत्र हलवून पाहण्याची जुनी युक्ती आहे. मिठाचे गोळे झाले तर बी ओले. भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे, कारण मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते. पण याचाच अर्थ असा की मीठ सुटे राहिले तर आर्द्रता ७५ च्या खाली आहे एवढेच कळते, आणि बियाण्याला त्याहून बरीच कमी हवी असते. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक बंद बरणीत बियांसोबत ठेवला, तर मिठापेक्षा पुष्कळ नेमके उत्तर मिळते.

मग उरते ती उगवण चाचणी. महाराष्ट्रातल्या वाचकांना ती नवी नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. घरचे सोयाबीन बी ओल्या गोणपाटात १०-१० च्या ओळींत मांडून, गुंडाळून, पेरणीआधी मोजून घ्या, हे कृषी सहायक दर उन्हाळ्यात गावोगाव सांगतात. सोयाबीनही तेलबी, तेही साठवणीत लवकर मरणारे. तीच चाचणी भांगेला जशीच्या तशी लागू पडते: २० ते ३० अंशांत, ओल्या कागदात किंवा फडक्यात, सात दिवस, आणि मोजायची ती फक्त निरोगी रोपे, नुसते तोंड उघडलेले दाणे धरायचे नाहीत. फक्त आकड्याचा अर्थ नीट लावायला हवा. १०० पैकी ८० उगवले तर खरी उगवण ७२ ते ८८ च्या दरम्यान कुठेही असू शकते. ४०० बिया घेतल्या तर हा पट्टा ७६ ते ८४ इतका अरुंद होतो. प्रयोगशाळा ४०० चा आग्रह धरतात तो यासाठीच. २० बिया भिजवून ‘९० टक्के उगवण’ जाहीर करणाऱ्या विक्रेत्याचे दावे याच फूटपट्टीने मोजावेत. घाई असेल तर टेट्राझोलियमचे रंगहीन द्रावण आहे: जिवंत ऊती श्वसनाच्या जोरावर ते लाल करतात, मेलेल्या पांढऱ्याच राहतात, आणि निकाल एका दिवसात हाती येतो. जिल्ह्याच्या बीज प्रयोगशाळेला हे अवघड नाही.

एवढे केल्यावर घरचे बी उगवेल. पण उगवलेले पीक परवान्यात बसेल का? येथे खरा पेच आहे, आणि घरच्या बियाण्याच्या समर्थकांनी तो टाळू नये. भांगेचे परागकण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात. हिमालयाच्या पायथ्याशी तर रस्त्याच्या कडेला, गोठ्यामागे, ओढ्याकाठी रानभांग माजलेली असते. परवान्याच्या शेतातली मादी झाडे या रानपरागाने फळली की पुढच्या पिढीत टीएचसी कुठे जाईल याचा भरवसा नाही. बियात स्वतःमध्ये टीएचसी जवळपास नसतेच, म्हणून बी तपासून काही कळत नाही. कळते ते पीक उभे राहिल्यावर, नमुना मर्यादेबाहेर गेल्यावर. तोवर शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो. रानवाणाचा दुसरा वारसाही येतो: बारीक बी, पटकन गळण्याची सवय आणि सुप्तावस्था. मग पेरलेले काही दाणे जिवंत असूनही मातीत झोपून राहतात, आणि गोणपाटातला आकडा पडतो.

यावर ‘दरवर्षी प्रमाणित बी विकत घ्या’ हे उत्तर अपुरे आहे, कारण ३० अक्षांशांना जुळणारे आणि शेतकऱ्याला परवडणारे असे बी आधी कोणीतरी घडवावे लागेल. ते काम सार्वजनिक संस्थांचेच आहे: स्थानिक वाणांतून कमी टीएचसीची झाडे निवडणे, रानभांगेपासून दूर, एखाद्या एकाकी दरीत मूळ बियाण्याचे प्लॉट राखणे, आणि तिथून गावांना दोन-तीन वर्षांनी ताजे बी देणे. मधली वर्षे गाव स्वतःचे बी वाढवेल, वाळवेल, तपासेल. पीक मर्यादेबाहेर गेले तर पहिल्या वेळी शेतकऱ्यावर गुन्हा न लावता बियाणे बदलून देण्याची तरतूद परवान्यातच हवी. वाऱ्याने आणलेल्या परागाची शिक्षा त्याला कशाला?

हिमाचलच्या अभ्यासातून एकरी उत्पन्नाचे आणि टीएचसीचे आकडे येतीलच. त्यांच्या शेजारी आणखी तीन आकडे प्रत्येक गावासाठी छापले जावेत: मळणीच्या दिवशीचा बियांचा ओलावा, कोठीत ठेवतानाचा ओलावा, आणि पेरणीच्या आठवड्यातली ४०० बियांची उगवण. यासाठी लागतो एक आर्द्रतामापक, काही हवाबंद डबे, गोणपाट, आणि नोंदवही सांभाळणारा एक माणूस.