मार्लवाईवर झालेला खर्च

शहरांतील बंदुकीचा हिंसाचार कमी करण्यासाठी सरकारने तिजोरीतून पैसा खर्च करावा काय, आणि केला तर तो कोणाच्या हाती द्यावा, हा वाद गेली काही वर्षे अमेरिकेत मोठ्या हिरिरीने चालला आहे. ज्यांची मुले-सुना तिकडे स्थायिक झाली आहेत अशा वाचकांना तो परका वाटणार नाही. २०२१ साली त्या देशात अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २५ जून २०२२ रोजी अध्यक्ष बायडन यांनी सही केलेल्या कायद्यात, वस्त्यावस्त्यांतून हिंसा रोखणाऱ्या कार्यासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलरची तरतूद होती. ह्या कार्याची एक मोठी पाठशाळा म्हणजे शिकागो. तेथे गॅरी स्लटकिन ह्या साथरोगतज्ज्ञाने २००० साली गोळीबाराकडे एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारी साथ म्हणून पाहण्यास आरंभ केला, आणि त्याच वस्तीतील, कधीकाळी त्या वाटेने गेलेली माणसे पगारावर नेमून, सूड घ्यायला निघालेल्या पोराला उंबरठ्यावरच अडविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तेथील न्याय खात्याने आपली शेकडो अनुदाने मुदत संपण्याआधीच रद्द केली. त्यांत हिंसा रोखणाऱ्या अनेक संस्थांची अनुदानेही गेली.

मध्येच थांबलेल्या पैशाची ही गोष्ट आम्हां आदिलाबादकरांना ओळखीची आहे. आमच्याकडे बंदूक वाजली ती शहरात नव्हे, डोंगरात. परंतु ती खाली ठेवली जावी म्हणून सरकारने काय खर्च केला आणि तो केव्हा आखडता घेतला, ह्याचा आमच्या जिल्ह्याइतका जुना दाखला क्वचितच सापडेल.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी कोमराम भीम आणि त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. मागणी जमिनीची आणि जंगलाची होती. बंड मोडले, पण ते का झाले हा प्रश्न दरबाराला पडला, हे मान्य केले पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्ध चालू होते, ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते, आणि म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती! इंग्रजांची ती बंदी गोंडांच्या पथ्यावर पडली असेच म्हणावे लागेल. पत्नी बेट्टी यांच्यासह हे गृहस्थ मार्लवाई गावात गोंडांमध्ये झोपडी बांधून राहिले.

त्यांनी सरकारला जे सुचविले त्यात नवी पोलीस चौकी हा मुख्य मुद्दा नव्हता. जमिनीचे पट्टे आणि गोंडी बोलणारा मास्तर, ह्या दोन गोष्टींवर त्यांचा भर होता. ‘लावणी खास’ नियमांखाली हजारो आदिवासी कुटुंबांच्या नावे लाखाहून अधिक एकर जमीन लागली. १९४३ साली मार्लवाईला शाळा आणि शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंड तरुणच तेथे मास्तर होऊ लागले. मुलांसाठी जी पहिली पुस्तके निघाली त्यांची भाषा गोंडी आणि लिपी देवनागरी. कारण ह्या डोंगरांत बाजारहाटाची आणि परक्याशी बोलण्याची भाषा तेव्हा मराठी होती. आपल्या बाराखडीचा इतका सत्कारणी उपयोग फार थोड्या वेळा झाला असेल. त्याच दशकात आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी ह्या जिल्ह्यात अधिकारी म्हणून होते. गोंडी आणि कोलामी ह्या दोन्ही भाषा ते शिकले, त्यांची व्याकरणे लिहिली आणि गोंडांवर पुस्तकही लिहिले. कचेरीत आलेल्या माणसाचे गाऱ्हाणे दुभाष्यावाचून समजणे ही शासनाची केवढी मोठी बचत आहे, ह्याचा हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात मांडला जात नाही.

मग तो प्रवाह आटला. संस्थान गेले, १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, अधिकारी बदलले, गोंडी पुस्तके मागे पडली. रस्ते झाले आणि रस्त्यांवरून माणसे आली. किनारपट्टीकडून आली, तशीच विदर्भ-मराठवाड्यातूनही आली. कर्जापोटी, कधी एका अंगठ्यावर, पट्ट्याची जमीन हातोहात गेली, आणि आपल्यापैकी कित्येक घरांच्या जुन्या पहाणीत तिचा मागमूस लागेल. हे आपल्या मासिकात लिहिलेले काहींना रुचणार नाही, पण इलाज नाही. आदिवासी क्षेत्रातील जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा कायदा आणि १९७० ची कडक दुरुस्ती झाली. तोवर बराच उशीर झाला होता. स्वतः हैमेंडॉर्फ सत्तरीच्या दशकात परत आले तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत झालेले काम उलटलेले त्यांना पाहावे लागले.

२० एप्रिल १९८१ हा सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या मागणीसाठी भरणाऱ्या सभेला परवानगी नाकारली होती. जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. आदल्याच वर्षी, एप्रिल १९८० मध्ये, कोंडापल्ली सीतारामय्यांनी ‘पीपल्स वॉर’ ची स्थापना केली होती. इंद्रवेल्लीनंतर तिच्या दलमांना ह्या डोंगरांत माणसे मिळण्यास अडचण पडली नाही.

तेथून पुढे सरकारने जो पैसा ओतला तो बंदुकीच्या मागे धावणारा. पोलीस ठाणी, जीपगाड्या, आणि शरण येणाऱ्याचे पुनर्वसन. केंद्राच्या योजनेत वरच्या पदावरील शरणागताला ५ लाख, इतरांना अडीच लाख रुपये मिळतात. रक्कम मुदतठेवीत राहते, वर्तन चांगले असेल तर तीन वर्षांनी हाती येते. धंदा शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा १० हजार, आणि आणलेल्या शस्त्राचे मोल वेगळे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपती हा मूळचा पेद्दपल्लीचा नेता साठ साथीदार आणि ५४ शस्त्रांसह शरण आला.

आमच्या भीमपुरात, पैनगंगेच्या काठाने कापूस पिकविणाऱ्या गावांत, ह्यावर एक प्रश्न विचारला जातो : ज्याने बंदूक घेतली त्याला पाच लाख, आणि ज्याने निमूटपणे पऱ्हाटी वेचली त्याला काय? प्रश्न वाकडा असला तरी खोटा नाही. ह्या रकमा बंद कराव्यात असे मात्र माझे मत नाही. डोंगरातून जिवंत परतलेला एक माणूस कोणत्याही चकमकीपेक्षा स्वस्तच पडतो. परंतु हा पैसा पोहोचतो तो माणसाच्या उमेदीची वर्षे रानात संपल्यावर. मार्लवाईच्या मास्तराचा पगार त्याच्या आधी पोहोचत होता.

आणि बंदूक काही डोंगरातच राहत नाही. डिसेंबर २०२० मध्ये खुद्द आदिलाबाद शहरात, मुलांच्या क्रिकेटवरून निघालेल्या भांडणात एका स्थानिक पुढाऱ्याने परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडल्या. एकाचा जीव गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रे तिनांवरून दोनांवर आणली, तर परवान्याची मुदत तिनांवरून पाच वर्षे केली. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढले. भांडण चार पावलांवर चालू असताना मध्ये पडणारे वडीलधारे माणूस त्या गल्लीत का नव्हते, हा शिकागोच्या डॉक्टरांचा प्रश्न आपणही विचारावयास हवा. असे माणूस नेमण्यासाठी आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात अद्याप शीर्षक नाही.

बेट्टी हैमेंडॉर्फ १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईला आहे, आणि पतीच्या अस्थीही तिच्याशेजारी ठेवल्या आहेत. दर ११ जानेवारीला तेथे गोंड मंडळी जमतात, अधिकारीही येतात. इंद्रवेल्लीच्या स्तंभापाशी मात्र २० एप्रिलला वर्षानुवर्षे जमावबंदी असे. जानेवारीत मार्लवाईला जाणाऱ्या वाचकांनी परतताना उटनूरवरून इंद्रवेल्लीला थांबावे. आदिलाबादचा रस्ता तोच आहे.