गोदावरीचा जलमार्ग कागदावरच

इंदिरानगर (नाशिक) - राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ नुसार नाशिकपर्यंतची गोदावरी 'राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४'चा भाग झाली. २००८ मध्ये घोषित झालेला हा मार्ग गोदावरीत भद्राचलम ते राजमहेंद्रीपुरताच होता. नव्या कायद्याने तो सुमारे १,१८४ किलोमीटरने वाढविला. मात्र इंदिरानगरातील एखाद्या हौशी रहिवाशाने खासगी मोटारबोट घेतलीच, तर ती या मार्गाने न्यायची कशी, हा प्रश्न कायम आहे.

अडचण नोंदणीची नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यामुळे एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य ठरते. अडचण नदीची आहे. उन्हाळ्यात पात्र उथळ होते. पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, पैठणचे जायकवाडी धरण आणि नांदेडचा विष्णुपुरी प्रकल्प आडवे येतात. बांध ओलांडून बोट वर-खाली नेण्याची सोय तेथे नाही. शिवाय नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य असून, राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले आहे.

उरतो गंगापूर धरणाचा जलाशय. पण नाशिककरांचे पिण्याचे पाणी मुख्यतः तेथून येते. खासगी बोटींचे इंधन आणि तेल त्यात मिसळणे शहराला परवडणारे नाही. त्यामुळे हौशी मंडळींना घाट उतरून कोकणातील खाड्याच गाठाव्या लागतात.

नदीला जलमार्गाचा दर्जा देऊन भागत नाही. बोट कोणत्या टप्प्यात चालू शकते आणि कोठे ती वर्ज्य, हे ठरविणे अधिक निकडीचे आहे. पाण्याची गरज आणि पक्ष्यांचा अधिवास यांना त्यात पहिला मान मिळायला हवा.