यादीतला शब्द आणि वापरातला शब्द

माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्स आहे. तिला ब्रिटनला जायचंय. तिथल्या नोंदणीसाठी आयईएलटीएसमध्ये लेखनात ६.५ आणि वाचन, श्रवण, संभाषणात ७ बँड लागतात. ती रोज पन्नास इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करते. परवा तिनं निबंध दाखवला. त्यात ‘डू अ मिस्टेक’ होतं, ‘स्ट्राँग रेन’ होतं. शब्द बरोबर, जोड्या चुकलेल्या. इंग्रजीत ‘मेक अ मिस्टेक’ आणि ‘हेवी रेन’ म्हणतात.

मी तिला ‘शिकस्त’चा अर्थ विचारला. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त’ म्हणजे पराकाष्ठा. आपण दोन्ही अर्थ जाणतो, ते यादीमुळे नव्हे. घरात उर्दू ऐकली, बाहेर मराठी बोललो, म्हणून.

इंग्रजीलाही हाच न्याय लावा. पन्नास नको, पाच शब्द घ्या. ते मजकुरात वाचा, शेजारी कोणता शब्द येतो तो वहीत टिपा, मग आपल्या वॉर्डवर, पेशंटवर एकेक वाक्य लिहा.

शब्दांच्या याद्या मोबाइलवर फुकट मिळतात. परीक्षेची फी मात्र पुन्हा भरावी लागते, आणि ती आपल्या घरांना जड जाते.