बेअरिंगची गाडी आणि माझी सही

परवा आमच्या सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागली. 'आवारात स्केटबोर्ड, स्केट्स अथवा तत्सम चाकांच्या साधनांवर खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' खाली सही माझी. निवृत्त बँक अधिकारी दिसला की सोसायटीचं सेक्रेटरीपद त्याच्या गळ्यात पडतंच. आणि जन्मभर परिपत्रकं खरडलेला हात असली भाषा झोपेतही लिहितो.

कारणही तसंच घडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजी घेऊन येत होत्या. पार्किंगच्या उतारावर एका मुलाच्या पायाखालून स्केटबोर्ड निसटला आणि थेट आजींच्या पिशवीवर आदळला. आजी थोडक्यात वाचल्या, टोमॅटो मात्र वाचले नाहीत. त्याच रात्री कमिटीची सभा भरली. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव आमच्याकडे दोन वर्षं रखडला आहे. हा दहा मिनिटांत एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी अकरा वर्षांच्या नातवाने फलक वाचला, सहीसुद्धा वाचली. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "आजोबा, मग खेळायचं कुठे?" मला उत्तर सुचेना. कारण त्या क्षणी माझ्या कानात पन्नासएक वर्षांपूर्वीचा एक खडखडाट घुमू लागला होता.

मी मुलुंडचाच. आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाला आमच्या लहानपणी सगळे आग्रा रोडच म्हणत. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत त्याच्या कडेने कारखानेच कारखाने. आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांचे कर्ते पुरुष पाळीचा भोंगा ऐकून घर सोडायचे. यंत्रातून झिजून बाद झालेलं बेअरिंग कुणाचे तरी वडील खिशातून घेऊन यायचे. ते रात्रभर रॉकेलमध्ये भिजवायचं, ग्रीस निघालं की बोटावर फिरवून बघायचं. रॉकेल रेशनचं, त्यामुळे आईची बोलणी ठरलेलीच. मग वखारीतली फळी, मागच्या आडव्या दांड्याला दोन बेअरिंग्ज, पुढच्याला एक, पुढचा दांडा वळावा म्हणून मधोमध एकच बोल्ट आणि लगामाला सुतळी. झाली बेअरिंगची गाडी! डोंगराच्या बाजूने स्टेशनकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ती सोडली की असा आवाज व्हायचा की दुपारी झोपलेली अख्खी आळी उठून बसायची. माझ्या डाव्या गुडघ्यावरची खूण त्याच गाडीची.

गंमत अशी की त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडेही हाच उद्योग चालला होता. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळीने घसरणाऱ्या पोरांनी १९५०च्या दशकात रोलर स्केट्सची चाकं काढून लाकडी फळीला ठोकली. लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर घसरायचं, एवढाच हेतू. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने स्केटबोर्डला पॉलियुरेथेनची चाकं लावली. चाक रस्ता धरू लागलं, आवाज निवला आणि खेळाचं रूपच पालटलं. दुष्काळात तिथल्या श्रीमंतांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या तलावांत शिरली आणि त्यांच्या गोल भिंतींवर चढू लागली. आजच्या स्केटबोर्डच्या चाकातही बोटभर आकाराचं बेअरिंगच असतं. फरक एवढाच, की त्यांनी बेअरिंगवर मऊ चाक चढवलं आणि आमचं बेअरिंग हेच चाक होतं.

तेव्हा हा खेळ परका, आपल्या पोरांना अमेरिकेचं वेड, ही तक्रार निदान माझ्या पिढीने तरी करू नये.

अर्थात जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीला गाडीवर बसायचं असे. आम्ही तिला फक्त मागून ढकलू द्यायचो. "तू पडलीस तर आम्हाला मार बसेल," हे आमचं ठरलेलं उत्तर. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी मुलांसाठी स्केटबोर्डचं मैदान उभं केलं. तिथे नियम दोनच: शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही, आणि आधी मुलींची पाळी. हे वाचलं तेव्हा मला बहिणीची आठवण झाली. २०२१च्या 'स्केटर गर्ल' या चित्रपटासाठी राजस्थानातल्या खेमपूरला असंच मैदान बांधलं गेलं आणि चित्रीकरणानंतर ते गावातल्या मुलांसाठीच ठेवलं गेलं. दिग्दर्शिका मंजरी माकिजनी म्हणजे 'शोले'तल्या सांभाची, मॅक मोहन यांची कन्या. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीने याच खेळात सुवर्णपदक मिळवलं.

आणि बंदीचं म्हणाल तर नॉर्वेने तीही करून पाहिली आहे. अपघातांच्या भीतीने १९७८ ते १९८९ अशी अकरा वर्षं त्या देशात स्केटबोर्ड विकायला आणि वापरायला मनाई होती. पोरांनी काय केलं? रानात जाऊन लपूनछपून उतार बांधले. आमच्या मुलांना जायला रानही नाही. ती एक तर भर रस्त्यावर रिक्षा-डंपरांमध्ये जातील, नाहीतर मोबाइल घेऊन कोचावर बसतील. आणि मग आपणच म्हणणार, हल्लीची मुलं खेळत नाहीत!

मुलं बदललेली नाहीत, जमीन बदलली आहे. आग्रा रोडच्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आमच्या सोसायटीच्या नकाशात मुलांच्या खेळासाठी म्हणून दाखवलेला एक तुकडा आहे. त्यावर हिरवळ लावली आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी रोवली. उरलेल्या आवारात गाड्या उभ्या असतात. गाडीला हक्काची जागा आहे, तिचा क्रमांक रंगवलेला आहे. मुलाला नाही.

म्हणून पुढच्या सभेत मी दुरुस्तीचा ठराव मांडणार आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ पार्किंगचा उतार मुलांसाठी मोकळा ठेवावा, डोक्याला हेल्मेट, खाली एक मोठा माणूस उभा. मुलींची पाळी आधी. आजींना विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "वेळ सांगून ठेवा म्हणजे झालं. तेवढा वेळ मी खाली येणार नाही, गॅलरीतून बघेन." विरोध व्हायचा तो गाडीवाल्यांचा होईल, आणि माझीही एक गाडी तिथे उभी असते. ती मी त्या दोन तासांत बाहेर काढीन.

ठराव पास होईल की नाही, सांगता येत नाही. पण बँकेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की चुकीची नोंद गिरवायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि पुन्हा सही करायची. तेवढं मला अजून येतं.