घरांतील फटी : कोणत्या बुजवाव्या, कोणत्या ठेवाव्या

पुण्याच्या एका वाचकांनीं आम्हांस पत्र लिहून दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. घर चौथ्या मजल्यावर असून पश्चिमेकडील खिडकीपाशीं दर पावसाळ्यांत पाणी झिरपतें, आणि नेमकी त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या उशाशीं असलेली भिंत ओली होते. तीन वर्षें त्यांनीं चौकटीभोंवतींच्या फटींत पांढरें सिमेंट भरून पाहिलें. प्रत्येक वर्षीं तें नव्यानें फुटलें. बाजारांत आतां सीलंटच्या नाना प्रकारच्या नळ्या मिळतात, त्यांपैकीं कोणती घ्यावी, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्यांनीं जातां जातां घातला आहे : न्हाणीघराच्या झरोक्यांतून पारवे आंत शिरतात व थंडीचा वाराही येतो, तर त्याच नळीनें कांच चिकटवून तो झरोका कायमचा बंद करून टाकावा काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर महिनाभर उशिरां मिळालें तर भिंत भिजेल, एवढेंच. म्हणून दुसऱ्याचें उत्तर आम्ही अगोदर देतों. त्या न्हाणीघरांत गॅसवर पाणी तापविणारा गीझर असेल तर झरोका बंद करूं नये. केला असल्यास हा अंक बाजूस ठेवून अगोदर तो उघडावा. गॅस जळतांना खोलींतील प्राणवायु खर्च होत असतो. तो अपुरा पडूं लागला म्हणजे ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक जोरानें चिकटतो. स्नान करणाऱ्यास प्रथम डोकें जड वाटतें, मग पायांतील बळ जातें, आणि दाराची कडी काढावी इतकेंही भान राहात नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत ऐन थंडींत असें घडलें. घरांतल्याच हौशी मंडळींनीं झरोक्यास कांच बसवून भोंवतीं सिलिकॉन फिरविलें होतें, आणि काम इतकें सुबक उतरलें होतें कीं आल्यागेल्यास तें दाखवीत असत. धाकटी सून स्नानास गेली ती अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. पाणी सारखें एकाच धारेनें पडत आहे, तांब्याचा आवाज नाहीं, हें सासूबाईंना खटकलें. त्यांनीं हांक मारली. उत्तर आलें नाहीं, तेव्हां वाट न पाहतां मुलांकडून दार तोडविलें. गॅस बंद करून मुलीस मोकळ्या हवेंत आणलें व तसेंच रुग्णालयांत नेलें, म्हणून ती वांचली. कांच त्याच संध्याकाळीं निघाली.

असा गीझर मुळांत न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत असावा आणि आंत केवळ पाण्याचा नळ यावा, हें उत्तम. वारा बाहेर फेंकणाऱ्या पंख्यावर विसंबूं नये; दहा माणसांच्या घरांत तो लावावयास एखादा विसरतोच, आणि बाहेरून हवा आंत यावयास वाट नसेल तर पंखा तरी काय करणार? पारव्यांकरितां झरोक्यास बारीक जाळी ठोकावी. स्वयंपाकघरासही हाच न्याय. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असल्यामुळें गळाल्यास तो जमिनीलगत सांचतो. म्हणून तेथें खालच्या बाजूस असलेलें छिद्र झुरळांच्या भयानें बुजवूं नये, त्यासही जाळीच लावावी.

आतां खिडकी. संस्कृतांत ‘छिद्र’ म्हणजे भोंक, आणि ‘छिद्र’ म्हणजे दोषही. पंतोजीचा सारा जन्म दुसऱ्या अर्थाचीं छिद्रें शोधण्यांत जातो, तेव्हां भोंक दिसलें कीं तें बुजवावें असें आमच्याही हातास होतें. परंतु सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचा खालचा पन्हळ पाहा. त्याच्या बाहेरच्या अंगास लहान लांबट भोंकें मुद्दाम ठेवलेलीं असतात. पन्हळांत पडलेलें पावसाचें पाणी त्यांवाटे बाहेर जावें ही योजना. रंगारी तीं रंगानें भरून टाकतो, नाहीं तर धूळ व मेलेलीं चिलटें त्यांत दाटून बसतात. मग पन्हळ तुडुंब भरतो आणि पाणी आंत ओसंडतें. पत्रलेखकांनीं प्रथम एक बारीक तार घेऊन हीं भोंकें मोकळीं करावीं. कित्येक घरांची गळती एवढ्यानेंच थांबते, आणि नळी विकत घ्यावी लागत नाहीं.

तरीही न थांबली तर पाणी कोठून शिरतें तें शोधावें. तें शिरतें एकीकडे व दिसतें दुसरीकडे, यामुळें आंतल्या डागाशेजारीं फट भरणें हें बहुधा व्यर्थ जातें. कोरड्या दिवशीं एकानें बाहेरच्या बाजूस नळीनें पाणी सोडावें, प्रथम चौकटीच्या खालीं, मग बाजूंस, शेवटीं वर. प्रत्येक ठिकाणीं पांच-दहा मिनिटें थांबावें, आणि दुसऱ्यानें आंत विजेरी घेऊन पाहात बसावें. वरून आरंभ केला तर पाणी सर्वत्र ओघळून कांहींच कळत नाहीं. हें काम सज्जांत उभें राहून होत असेल तरच घरच्यांनीं करावें. चौथ्या मजल्याच्या खिडकींतून बाहेर ओणवें होऊन कोणीं शौर्य दाखवूं नये. दोर व पट्टा बांधून काम करणारे कारागीर मिळतात; त्यांची मजुरी द्यावी.

सिमेंट कां फुटतें, हें शाळेंतल्या गणितानें समजेल. ॲल्युमिनियम उष्णतेनें काँक्रीटच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. दीड मीटर लांबीची चौकट पहांटेपासून दुपारपर्यंत ३० अंश तापली तर ती सुमारें १ मिलिमीटर वाढते. तितकीच लांब भिंत तितकीच तापली तरी सुमारें अर्धा मिलिमीटर. राहिलेला अर्धा मिलिमीटर सांध्यानें सोसावयाचा असतो, तोही दररोज. सिमेंटला वांकणें ठाऊक नाहीं. तेव्हां दोन भिन्न वस्तु जेथें भेटतात तेथें ताणला असतां ताणणारा व सोडला असतां पूर्ववत् होणारा पदार्थ पाहिजे.

हा विचार नवा नाहीं. कोंकणांतील गलबतांच्या फळ्यांचे सांधे राळ व तेल यांत भिजविलेला कापूस ठासून भरीत असत. त्याहूनही मागें, सहाव्या शतकांत, वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपावर एक अध्याय घातला आहे : कच्चीं टेंभुर्णीचीं व कवठाचीं फळें इत्यादि पाण्यांत उकळून काढा आटवावा, त्यांत गुग्गुळ, राळ, अळशी, बेल वगैरे द्रव्यें मिसळावीं, आणि लेप गरम असतांनाच देवालयास वा भिंतीस द्यावा. तो घरीं करून पाहा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अळशीची ओळख पटते, कारण लांकडी तावदानांत कांच बसविण्याची लांबी आजही खडूची भुकटी व अळशीचें तेल मळूनच होते, आणि जुन्या वाड्यांच्या खिडक्यांस आमच्या मतें तीच शोभते. मात्र अळशीच्या तेलानें माखलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यांत भिजवाव्या, किंवा बाहेर पसरून वाळवाव्या.

बाजारांतील नळ्यांत मुख्य तीन जाती. ॲक्रिलिक पाण्यानें धुतां येतें, त्यावर रंग बसतो, किंमतही बेताची; परंतु तें वाळतांना आकसतें व सतत ओलाव्यांत टिकत नाहीं. घराच्या आंतील कोरड्या भिंतीच्या बारीक भेगांपुरतें तें ठीक. पॉलीयुरेथेन काँक्रीटला घट्ट धरतें व त्यावर रंगही देतां येतो, पण उन्हानें पिवळें पडतें आणि लावतांना हातांस फार चिकटतें. सराव नसलेल्यांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. सिलिकॉन ऊन व पाऊस उत्तम सोसतें, मात्र त्यावर रंग मुळींच बसत नाहीं. त्यांत पुन्हां दोन पोटभेद. एकास उघडतांच सिरक्यासारखा वास येतो. तें आम्लयुक्त असल्यामुळें संगमरवर खातें, आरशाची पाठ बिघडवितें व सिमेंटला नीट धरीत नाहीं. दुसऱ्याच्या नळीवर ‘न्यूट्रल’ असा शब्द असतो. पत्रलेखकांनीं तें घ्यावें. न्हाणीघराच्या फरशीसाठीं बुरशीरोधक सिलिकॉन वेगळें मिळतें.

माल कोणताही असो, यश मिळतें तें पूर्वतयारीनें, आणि आळस होतो तोही तेथेंच. जुनें सिमेंट व जुनें सिलिकॉन पात्यानें समूळ खरवडून काढावें. जुन्या सिलिकॉनवर नवें कांहीं धरत नाहीं. धूळ कुंचल्यानें झाडावी, चौकटीवरील तेलकटपणा स्पिरिटानें पुसावा, आणि सांधा निदान एक पूर्ण दिवस वाळूं द्यावा. ह्यासाठीं मृग लागण्यापूर्वींचे वैशाख-ज्येष्ठ हेच दिवस उत्तम, तेही सकाळीं, चौकट तापण्याअगोदर. फट खोल असेल तर तळाशीं फोमची दोरी दाबून बसवावी. सीलंटची जाडी फटीच्या रुंदीच्या निम्मी असावी, आणि त्यानें दोहों बाजूंसच धरावें. पाठीमागेंही चिकटलें तर त्यास ताणतां येत नाहीं व तें फाटतें. दोन्हीं कडांस कागदी चिकटपट्टी लावावी, नळीचें तोंड फटीहून किंचित् लहान व तिरपें कापावें, आणि हात न थांबवितां एका ओढींत भरावें. साबणाच्या पाण्यांत बोट भिजवून एकदांच फिरवावें; वारंवार गोंजारल्यानें तें बिघडतें. वर साय धरण्यापूर्वींच पट्टी ओढून काढावी. सिलिकॉन बाहेरून आंत, दिवसाकांठीं सुमारें २-३ मिलिमीटर घट्ट होतें. तोंवर पाणी लागूं देऊं नये.

एक भेग मात्र नळीनें भरण्याची नव्हे. छतांत वा तुळईंत सरळ रेषेंत भेग गेली असून तिच्यांतून तांबूस ओघळ उतरला असेल, तर आंतील लोखंड गंजत आहे असें समजावें. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो व काँक्रीट फोडतो. ती भेग झांकली म्हणजे दिसेनाशी होते, थांबत नाहीं. तेथें इंजिनियरास बोलवावें, आणि तोंवर त्याखालीं कोणाचेंही अंथरूण घालूं नये.

माल किती लागेल? २८० मिलिलिटरची एक नळी ६ मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल फटीस सुमारें पावणेआठ मीटर पुरते. एका मध्यम खिडकीस एक नळी पुष्कळ झाली. सहा आणून ठेवूं नयेत. सिलिकॉन व पॉलीयुरेथेन हीं हवेंतील ओलाव्यानेंच घट्ट होतात, म्हणून सांठवणीचा शत्रु दमट हवा. विकत घेतांना मुदतीची तारीख वाचावी. मुदत टळलेलें सिलिकॉन कित्येकदां चिकटच राहतें, कधींच बसत नाहीं. शंका असल्यास आदल्या रात्रीं फरशीच्या तुकड्यावर थोडें लावून पाहावें. उघडलेल्या नळीच्या तोंडांत जाड खिळा खोंचून वरून चिकटपट्टी गुंडाळावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि ती कोरड्या कपाटांत, मुलांच्या हातीं न लागेल अशी, उभी ठेवावी. न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवूं नये. इतकें करूनही कोंकणपट्टींत ती पावसाळा क्वचितच ओलांडते. तेव्हां घरांतील सारे सांधे एकाच दिवशीं उरकावे. उरलेली अर्धी नळी त्याच आठवड्यांत शेजाऱ्यांच्या मोरीस उपयोगीं पडेल.