कोडिंगचा पहिला धडा : दोन फोल्डर जुळवणे



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. कोडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेम नाहीतर ॲप येतं. माझं मत जरा वेगळं आहे. सुरुवात दोन संगणकांतले फोल्डर जुळवण्यापासून करावी.

समजा, करडीच्या शाळेतल्या संगणकावर निकालपत्रकांचा फोल्डर आहे आणि त्याची प्रत भंडाऱ्याच्या संगणकावर आहे. दोन्ही सारखे आहेत का, हे कसं ओळखाल? मुलं लगेच म्हणतील, "नावं बघू." पण नाव तेच असून आतले गुण बदललेले असू शकतात. मग आकार बघायचा, बदलाची तारीख-वेळ बघायची. एका संगणकाचं घड्याळ मागे असेल तर तारीखही फसवते. शेवटी आतला मजकूरच ताडून पाहावा लागतो.

पण नेट मंद असताना अख्खी फाइल पाठवून ताडायची कशी? १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' बनवलं ते यासाठीच. ते फाइलचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा छोटा ताळा काढतं आणि फक्त न जुळलेला भाग पाठवतं. दूरच्या संगणकांत फाइल देवाणघेवाणीच्या 'एफटीपी' या नियमांचा पहिला मसुदा १९७१ मध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. ते आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. हे मुलांना जरूर सांगा.

आता खरा प्रश्न. एक फाइल करडीत आहे, भंडाऱ्यात नाही. ती इकडे नवी आली, की तिकडे कुणी पुसली? दोन याद्या कितीही वेळा ताडा, उत्तर मिळणार नाही. त्याला तिसरी यादी लागते : मागच्या वेळी जुळवलं तेव्हा काय होतं त्याची. ती नसताना "दोन्हीकडे सारखं कर" असा हुकूम दिला, तर एखाद्या मुलाची निकालपत्रकाची शेवटची प्रतही पुसली जाऊ शकते. म्हणून आधी नुसता फरक दाखवायचा, माणसाने बघायचं, मगच बदल करायचा.

हे शिकवायला महागडी लॅब नको. फळ्यावर तीन याद्या लिहा, मुलांचे दोन गट करा. नियम त्यांनाच ठरवू द्या आणि मराठीतच लिहू द्या. प्रोग्रामिंगमध्ये अशा माहितीच्या आणि नियमांच्या साच्याला 'क्लास' म्हणतात. यादी, तुलना, निर्णय हे त्या क्लासचे भाग. नियम स्वच्छ लिहिता आले, की पायथॉनमध्ये उतरवणं फार अवघड जात नाही.

पालकहो, घरी मोबाइल आणि पेनड्राइव्हमधल्या फोटोंवर हाच सराव घ्या. फक्त एक अट घाला : पुसण्याआधी विचारायचं.