मुखरसाची निवड

आमच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की, तिच्या धाकट्या बहिणीचा चेहरा अलीकडे साध्या पाण्यानेही चुरचुरतो, साबण लावताच लाल होतो, आणि दुकानदाराने तिच्यापुढे ‘संवेदनशील त्वचेसाठी’ म्हणून दोन फ्रेंच सीरम ठेवले आहेत. दोन्ही महाग, दोन्हींवर हायालुरॉनिक आम्लाचे नाव ठळक. तर घ्यावे कोणते? असले प्रश्न शृंगाराच्या पेटीतले, त्यांना या पृष्ठावर स्थान कशास, असे एखाद्या गंभीर वाचकास वाटेल. परंतु जी मुलगी चेहऱ्याच्या दाहामुळे चारचौघांत जाण्याचे टाळते, आणि पहिल्या पगारातून विकत घेतलेली प्रत्येक बाटली जिला अधिकच भाजून काढते, तिच्या दृष्टीने हा प्रश्न शृंगाराचा नसून स्वास्थ्याचा आहे. म्हणून त्याचा सविस्तर विचार करू.

प्रथम शब्द पाहू. लॅटिन भाषेत ‘सीरम’ म्हणजे दुधादह्यावर सुटणारी निवळ. आपल्या संस्कृतातील ‘मस्तु’ हा त्याच्या जवळचा. वैद्यकाने पुढे तो शब्द रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवास दिला, आणि अलीकडे सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापाऱ्यांनी तो चेहऱ्यास लावण्याच्या पातळ, बहुधा तेलविरहित द्रवास बहाल केला. आपण त्यास मुखरस म्हणू. नावाचा थाट वैद्यकी असला तरी हे औषध नव्हे, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

आता त्वचेकडे वळू. तिचा सर्वांत बाहेरचा थर माणसाच्या केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे, असे त्वचाशास्त्रज्ञ सांगतात. मृत, चपट्या पेशी या विटा; त्यांच्या सांध्यांत भरलेले सेरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले हा चुना. आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ आत येऊ द्यायचे नाहीत, ही या भिंतीची दोन कामे. जिला आपण नाजूक त्वचा म्हणतो, तिच्यात बहुधा या भिंतीचे सांधे ढिले झालेले असतात. काहींच्या बाबतीत हा दोष जन्मजात असतो. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, फिलाग्रिन नावाचे प्रथिन घडविणाऱ्या जनुकात बिघाड असलेल्या माणसांची त्वचा कोरडी पडते आणि त्यांना इसबाचा धोकाही अधिक असतो. पण पुष्कळांचा दोष स्वतःच ओढवून घेतलेला असतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, त्याचा सामू सुमारे ५. आपला नित्याचा साबण क्षारधर्मी, त्याचा सामू ९ ते १०. त्यात भर म्हणून कोणी लिंबू चोळतो, कोणी खरखरीत उटण्याने घासतो. असा चेहरा चुरचुरला नाही तरच नवल!

यावरून मुखरसाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी लागते, हे उघड आहे. तो त्वचेत पाणी धरून ठेवण्यास मदत करतो काय, हा पहिला. आणि ढिल्या सांध्यांतून आत शिरून स्वतःच त्रास देण्याजोगे त्यात काही आहे काय, हा दुसरा. जाहिरात नेहमी पहिल्या प्रश्नाविषयी बोलते. नाजूक त्वचेचे सुखदुःख मात्र बव्हंशी दुसऱ्यावर अवलंबून असते.

दुकानदाराने पुढे केलेले दोन रस म्हणजे ‘व्हिशी मिनरल ८९’ आणि ‘ला रोश-पोझे हायालू बी५’. व्हिशी आणि ला रोश-पोझे ही दोन्ही फ्रान्समधील झऱ्यांच्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेली गावे, आणि त्यांच्या नावाने चालणारे हे दोन्ही व्यवसाय आज लॉरेआल या एकाच उद्योगसमूहाचे. म्हणजे ही स्पर्धा दोन घराण्यांची नसून एकाच घरातील दोन भावंडांची आहे. पहिला रस २०१७ साली बाजारात आला. त्यात ८९ टक्के व्हिशीचे खनिजयुक्त पाणी, आणि त्याशिवाय ग्लिसरीन, हायालुरॉनिक आम्ल व इतर मोजकेच घटक आहेत. सुगंधी द्रव्य नाही. दुसऱ्यात लहानमोठ्या आकाराचे हायालुरॉनिक आम्ल, ग्लिसरीन, पँथेनॉल आणि मॅडेकॅसोसाइड असा अधिक संपन्न परिवार आहे. परंतु त्याच्या छापील यादीच्या शेवटी ‘पर्फ्यूम’, म्हणजे सुगंध, हा शब्दही आढळतो.

ज्या हायालुरॉनिक आम्लाच्या नावावर दोन्ही बाटल्या विकल्या जातात, त्याचा शोध १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी लावला. गुरांच्या डोळ्यातील काचेसारख्या स्वच्छ द्रवातून त्यांनी ते वेगळे केले, आणि काच या अर्थाच्या ‘हायालॉस’ या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण केले. पुढे कित्येक वर्षे ते कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढीत असत. हे ऐकून शाकाहारी घरांतील भगिनी दचकतील. पण आता प्रसाधनांसाठी ते बहुतेक सूक्ष्मजंतूंच्या किण्वनाने, म्हणजे दही विरजते त्याच जातीच्या क्रियेने, तयार करतात.

हे द्रव्य आपल्या वजनाच्या हजारपट पाणी धरते, असे वाक्य जागोजागी छापलेले दिसते. ते जरा तपासून पाहण्यासारखे आहे. एक ग्रॅम द्रव्य एक लिटर पाण्यात विरघळविले असता ते पाणी दाटसर होते, हे खरे. पण पाणी दाटसर होणे निराळे आणि त्यातील प्रत्येक थेंब बांधला जाणे निराळे. खिरीत चमचाभर आरारूट घातल्याने ती दाट होते. म्हणून त्या चमच्याने सारे दूध धरून ठेवले असे कोणी म्हणत नाही, आणि चुलीवर ठेवताच दुधाची वाफ व्हायची ती होतेच. शिवाय या द्रव्याचा रेणू फार मोठा. सुमारे ५०० डाल्टनहून जड रेणू निरोगी त्वचेत सहसा शिरत नाहीत, हा नियम २००० साली मांडला गेला. हायालुरॉनिक आम्लाचा अखंड रेणू लक्षावधी डाल्टनांचा, आणि त्याचे लहान केलेले तुकडेही बहुधा हजारांच्या घरातले. तेव्हा ते बहुतांशी पृष्ठभागावर पातळ ओलसर पापुद्रा धरून राहते. हे काम निरुपयोगी नव्हे. चेहरा मऊ लागतो, ताण कमी होतो. पण जाहिरात ज्या खोलीची गोष्ट करते, ती खोली त्याला बहुधा गाठता येत नाही.

याउलट ज्याचे नाव बाटलीच्या दर्शनी बाजूवर कोणी अभिमानाने छापीत नाही, ते ग्लिसरीन पाहा. अठराव्या शतकात स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाला ते सापडले; चव गोड म्हणून ‘गोड’ अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नाव मिळाले. त्याचा रेणू अवघा ९२ डाल्टनांचा, आणि आपली त्वचा ते स्वतःही बाळगून असते. ज्या उंदरांच्या त्वचेत ग्लिसरीन वाहून नेणारे प्रथिन जन्मतःच नव्हते, त्यांची त्वचा कोरडी पडली आणि बाहेरून ग्लिसरीन पुरविताच पुष्कळ सुधारली, असे २००३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी प्रसिद्ध केले. तात्पर्य, कीर्ती मोठ्या रेणूची असली तरी रोजच्या कामाचा मोठा भार हा लहान रेणूच उचलतो. आणि तो आपल्या दोन्ही बाटल्यांत आहे. म्हणून औषधाच्या दुकानातील घट्ट ग्लिसरीन मात्र तसेच तोंडास चोपडू नये. ते चिकट लागते आणि नाजूक त्वचेस झोंबू शकते.

दुसऱ्या बाटलीतील दोन घटकांबद्दल चांगले बोलणे न्यायाचे आहे. पँथेनॉल त्वचेत गेल्यावर त्याचे ब जीवनसत्त्वांपैकी पँटोथेनिक आम्ल होते; ते दाह शमविण्यास व भिंतीच्या डागडुजीस साहाय्य करते. मॅडेकॅसोसाइड हे तर आपल्या ओळखीच्या वनस्पतीतून येते. चरकाने मेध्य रसायनांत जिचा समावेश केला, आणि कोकणात जिला कारिवणा म्हणतात, ती मंडूकपर्णीच ही. परंतु आपलीच वनस्पती म्हणून परसातील पाला वाटून पोळलेल्या चेहऱ्यावर थापण्याचे धाडस करू नये. शुद्ध करून मोजून घातलेला अंश निराळा आणि कच्चा रस निराळा.

असे असूनही, दुसरी बाटली गुणांनी अधिक श्रीमंत असताना, पोळत्या चेहऱ्यासाठी आम्ही पहिलीच निवडू. कारण एकच, तो शेवटचा शब्द. सुगंधी द्रव्ये ही प्रसाधनांपासून होणाऱ्या संसर्गजन्य नव्हे, तर स्पर्शजन्य त्वचादाहाच्या प्रमुख कारणांपैकी एक आहेत. काहींना ती सोसतात. पण जिच्या त्वचेचे सांधे ढिले आहेत, तिने विनाकारण ही परीक्षा का द्यावी? सुगंधाने पाणी धरले जात नाही आणि दाहही शमत नाही.

येथे वेष्टनावरील शब्दांविषयी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. ‘हायपोअलर्जेनिक’ या भारदस्त शब्दाला अमेरिकेत सरकारी कसोटी लावण्याचा प्रयत्न १९७५ साली झाला, परंतु १९७७ साली न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. तेव्हापासून तेथे त्या शब्दाचा अर्थ उत्पादक ठरवील तो. ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेले’ या शब्दांवरूनही काय तपासले आणि काय आढळले, हे कळत नाही. खरी साक्ष मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांची. आपल्याकडील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. मात्र एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. ‘पर्फ्यूम’, ‘फ्रेग्रन्स’, ‘लिनालूल’, ‘लिमोनीन’ हे शब्द तेथेच दडलेले असतात. उत्पादक आपली कृती मधूनमधून बदलतात. तेव्हा आमच्या शब्दावरही न विसंबता हाती आलेली बाटलीच वाचावी.

लावण्याची रीतही निवडीइतकीच महत्त्वाची. पाणी ओढून धरणारा पदार्थ ओल्या त्वचेवर लावावा, आणि त्यावर लगेच सुगंधरहित साधे क्रीम किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवावा. मुंबईच्या जुलैतील दमट हवेत नुसता रसही पुरतो. परंतु नागपूरच्या मे महिन्यात, पुण्याच्या थंडीत, किंवा परदेशी गेलेल्या मुलांच्या तापविलेल्या बंद खोल्यांत, वरून झाकण नसेल तर धरलेले पाणी उडून जाते आणि चेहरा पूर्वीहून अधिक ओढल्यासारखा होतो. दोष मग बिचाऱ्या रसाला लागतो. पैसा एकाच वस्तूपुरता असेल तर मुखरस सोडून ग्लिसरीनयुक्त, निर्गंध क्रीमच घ्यावे. ते दोन्ही कामे करते.

नवी वस्तू एकदम तोंडास लावू नये. कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावी. मग जबड्याच्या कडेला. आणि मगच सर्व चेहऱ्यावर. एका वेळी एकच नवी वस्तू, म्हणजे अपराधी कोण हे कळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या दोन बाटल्यांकडे वळण्यापूर्वी पत्र लिहिणाऱ्या भगिनीने धाकट्या बहिणीच्या कपाटात तिसरी वस्तू शोधावी: गोरेपणासाठी किंवा मुरमांसाठी मैत्रिणीच्या वा दुकानदाराच्या सांगण्यावरून आणलेली एखादी ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड होय. भारतातील १२ केंद्रांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्वचारोगाच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर असे मलम वापरीत असल्याचे आढळले. २०१८ साली सरकारने अशी १४ मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरी ती मिळत नाहीत असे नाही. प्रथम चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबविताच असा भडका उडतो की मुलगी पुन्हा त्याच ट्यूबकडे धावते. अशा चेहऱ्याला मिनरल ८९ नको आणि हायालू बी५ही नको. ती ट्यूब आपल्याच मनाने एकदम सोडूही नये. ती हातात घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि किती दिवस लावली ते न लाजता सांगावे. कपाटात अशी ट्यूब सापडली नाही, तर मात्र पहिली बाटली आणावी, आणि कोपरापासून आरंभ करावा.